सूर्या नदीचा पूल, दुपारी अडीच

४ सप्टेंबर २०२२, रविवार. घरोघरी गौरीपूजनाची गडबड होती. त्या दुपारी पालघर जिल्ह्यात चारोटीजवळ, अहमदाबाद–मुंबई महामार्गावरच्या सूर्या नदीच्या पुलाच्या कठड्याला एक मर्सिडीज जीएलसी गाडी धडकली. टाटा सन्सचे माजी अध्यक्ष सायरस मिस्त्री आणि मागच्या सीटवर त्यांच्या शेजारी बसलेले त्यांचे स्नेही दगावले. पुढच्या सीटवरचे पती-पत्नी जबर जखमी झाले, पण वाचले. गाडी तीच होती, वेग तोच आणि कठडाही तोच.

त्या संध्याकाळपासून चर्चा झाली ती मिस्त्रींच्या आयुष्याची, टाटा समूहातल्या वादाची आणि गाडी कोण चालवत होतं याची. गाडीच्या आत काय घडलं, हे फार थोड्यांनी विचारलं. त्या टकरीचा जीव जेमतेम सेकंदाच्या दहाव्या भागाएवढा होता. तिच्याआधीचा घटनाक्रम मात्र बराच लांब जातो.

जवळपास ६८ वर्षे आधी

१० डिसेंबर १९५४. अमेरिकेतल्या न्यू मेक्सिको राज्यात, हॉलोमन हवाई तळावर, जॉन स्टॅप नावाचे लष्करी डॉक्टर स्वतःला पट्ट्यांनी आवळून घेऊन रॉकेटच्या घसरगाडीवर बसले. गाडीने ताशी हजार किलोमीटरच्या वर वेग घेतला आणि १.४ सेकंदांत ती थांबली. स्टॅप यांच्या शरीरावर गुरुत्वाकर्षणाच्या सेहेचाळीस पट जोर आला. डोळ्यांत रक्त उतरलं, काही काळ दिसेनासं झालं. पण ते जगले, आणि नव्वदीच्या उंबरठ्यापर्यंत जगले.

माणसाचं शरीर असा झटका सोसू शकेल, असं त्या काळी फार कोणाला वाटत नव्हतं. स्टॅप यांनी ते स्वतःच्या अंगावर सिद्ध केलं. वेगाने माणूस मरत नाही. तो थांबतो कसा, किती अंतरात थांबतो आणि शरीराच्या कोणत्या भागावर तो भार येतो, यावर सगळं ठरतं. गाडीतल्या सुरक्षेचं सगळं शास्त्र पुढे याच तीन प्रश्नांवर उभं राहिलं.

६३ वर्षे आधी

१९५९ साली दोन गोष्टी बाजारात आल्या. एक जर्मनीत, एक स्वीडनमध्ये.

डाइम्लर-बेंझमध्ये बेला बारेनी नावाचे अभियंते होते. गाडी जितकी टणक तितकी सुरक्षित, ही समजूत त्यांनी उलटी केली. माणसं बसतात तो मधला पिंजरा घट्ट हवा आणि त्याच्या पुढचा-मागचा भाग मुद्दाम चुरगळणारा हवा, असं पेटंट त्यांनी १९५१ मध्ये मागितलं. आठ वर्षांनी त्या तत्त्वावरची मर्सिडीज रस्त्यावर आली. बोनेटखालचा पत्रा दुमडत जातो, तेव्हा तो माणसाला थांबण्यासाठी अर्धा-पाऊण मीटर जास्तीची जागा मिळवून देत असतो. उंचावरून उडी मारणारा माणूस खाली टेकताना गुडघे वाकवतो, तेच काम इथे पत्रा करतो. अपघातानंतर ‘गाडीचा पार चुराडा झाला, पत्रा किती पातळ’ असं म्हणणारे लोक आजही नाक्यानाक्यावर भेटतात. पुढचा भाग चुरगळला आणि दारं उघडली, तर गाडीने आपलं काम चोख केलं, हे त्यांना कोणी सांगत नाही.

दुसरी गोष्ट व्होल्वोची. नील्स बोलिन हे आधी विमानातून वैमानिकाला बाहेर फेकणाऱ्या आसनांवर काम करायचे. व्होल्वोत आल्यावर त्यांनी तीन ठिकाणी बांधलेला पट्टा केला. एक भाग मांड्यांच्या वर, ओटीपोटाच्या खालच्या हाडावर. दुसरा खांद्यावरून छातीवर तिरका. दोन्ही एकाच बकलमध्ये, एका हाताने लावता येतील असे. भार घ्यायचा तो शरीराच्या सर्वात दणकट हाडांनी, म्हणजे कंबरेच्या, छातीच्या आणि खांद्याच्या. पोटासारख्या मऊ भागावर तो येता कामा नये. व्होल्वोने हे पेटंट इतर कंपन्यांना वापरू दिलं. आजही जगातल्या जवळपास प्रत्येक मोटारीत बोलिनचाच पट्टा आहे. त्यात पुढे भर पडली, पण मूळ रचना बदलावी असं कोणाला वाटलं नाही.

२० वर्षे आधी

भारतात १९९४ पासून गाड्यांच्या पुढच्या सीटना पट्टे बंधनकारक होते. २००२ पासून मागच्या सीटनाही झाले. मोटार वाहन नियमांत मागे बसणाऱ्यानेही पट्टा लावायचा, हे स्पष्ट लिहिलेलं आहे. गाड्यांत पट्टे आले, नियमही आला. पट्टा लावण्याची सवय काही आली नाही.

आपल्याकडे मागची सीट ही मानाची जागा. पुढे ड्रायव्हर, मागे साहेब. पुढे नवरा गाडी चालवतो, मागे आई, मुलं, डबे, पिशव्या. पट्टा ही पुढच्याची भानगड, कारण पोलीस पुढच्यालाच पकडतो. मागे बसलेल्याने पट्टा ओढला तर ‘चालवणाऱ्यावर विश्वास नाही का?’ असा प्रश्नही येतो. त्यात सीट कव्हर शिवणारे बकल आत दाबून टाकतात, आणि ते महिनोन्महिने कोणाच्या लक्षातही येत नाही.

८ वर्षे आधी

३ जून २०१४ ची सकाळ, दिल्ली. केंद्रीय मंत्रिपदाची शपथ घेऊन आठवडा झालेले गोपीनाथ मुंडे विमानतळाकडे निघाले होते. चौकात दुसऱ्या गाडीने त्यांच्या गाडीला बाजूने धडक दिली. मुंडे मागच्या सीटवर होते. गाडी फारशी मोडली नाही, ड्रायव्हर वाचला, मुंडे गेले. तेव्हाचे आरोग्यमंत्री डॉ. हर्ष वर्धन यांनी जाहीरपणे सांगितलं, की पट्टा लावला असता तर ते वाचले असते.

महाराष्ट्राने त्यानंतर घातपाताची चर्चा केली, चौकशीची मागणी केली, ती चौकशी झालीही. आपल्या लाडक्या नेत्याचा जीव एका न लावलेल्या पट्ट्याने गेला असेल, हे पचवण्यापेक्षा कटाची गोष्ट सोपी होती. त्या वर्षी राज्यातल्या प्रत्येक मागच्या सीटवर पट्टा लागायला हवा होता. तो लागला नाही.

३ वर्षे आधी

१ सप्टेंबर २०१९ पासून सुधारित मोटार वाहन कायद्याने पट्टा न लावल्याचा दंड हजार रुपये केला. मागच्या सीटवरच्या माणसाला तो झाल्याचं तुम्ही कधी ऐकलंय का? मी ऐकलेलं नव्हतं.

साधारण तासभर आधी

उदवाडा. गुजरातच्या वलसाड जिल्ह्यातलं किनाऱ्यावरचं लहानसं गाव. पारशी समाजाचा सर्वात पवित्र अग्नी, इराणशाह, इथल्या आतश बेहराममध्ये आहे. मिस्त्रींचे वडील, बांधकाम उद्योगातलं मोठं नाव असलेले पालनजी मिस्त्री, जूनच्या अखेरीस वारले होते. त्यांच्यासाठीची प्रार्थना इथे आटोपून चौघे मुंबईकडे परत निघाले. चालकाच्या जागी मुंबईतल्या एक नामवंत डॉक्टर, शेजारी त्यांचे पती, मागे ५४ वर्षांचे मिस्त्री आणि दुसरे स्नेही.

दारं लागली. पुढे बसलेल्यांचे पट्टे लागले, मागच्या दोघांचे नाही. पोलिसांच्या तपासातून हे पुढे आलं.

या लेखाचं म्हणणं एवढंच आहे, की त्या दोघांपुरता निकाल इथे लागला. पुलाला अजून साधारण तासाभराचा अवकाश होता, वेग शून्य होता. गाडीत बसवलेली प्रत्येक सुरक्षा यंत्रणा आपोआप चालणारी होती. तिला जागं करायला माणसाची गरज नव्हती. अपवाद एकच, पट्ट्याचा. आणि बाकी सगळ्या यंत्रणा पट्टा लावलेला आहे असं धरूनच आखलेल्या असतात.

एक तपशील इथेच सांगून टाकतो. समोरच्या धडकेत पुढच्या दोघांसमोर एअरबॅग असते, चालकाला स्टिअरिंगमध्ये, शेजाऱ्याला डॅशबोर्डमध्ये. मागे बसणाऱ्यासमोर बहुतेक सर्व गाड्यांत काहीच नसतं. मागे ज्या एअरबॅग असतात त्या बाजूच्या, खिडकीवरून पडद्यासारख्या उतरणाऱ्या. त्या बाजूने आलेल्या धडकेसाठी आणि गाडी उलटली तर उपयोगाच्या. मागच्या प्रवाशासाठी समोरची एअरबॅग मर्सिडीजनेही आपल्या सर्वात महागड्या एस-क्लासमध्ये आणली ती २०२० च्या पिढीत. म्हणजे समोरून धडक बसली, तर मागच्या माणसाला धरून ठेवणारी गोष्ट एकच. लाखाची गाडी असो की पाऊण कोटीची.

९ मिनिटे आधी : दुपारी २.२१

चेकनाक्यावरच्या कॅमेऱ्यात गाडी दिसली. पोलिसांनी तेव्हा सांगितलं, की तिथून अपघाताची जागा सुमारे २० किलोमीटर आणि अपघात अडीचच्या सुमाराचा. गणित साधं आहे. नऊ मिनिटांत वीस किलोमीटर म्हणजे ताशी सरासरी १३३. अंतर ‘सुमारे’, वेळ ‘सुमारास’, त्यामुळे या आकड्याला फार घट्ट धरू नये. गाडी जोरात होती, एवढंच त्यातून घ्यायचं.

ज्यांनी हा रस्ता केला आहे त्यांना तो माहीत आहे. गुजरातचे कंटेनर, तलासरी, दापचरी, मग चारोटीकडे. रस्ता रुंद, सरळ आणि म्हणून फसवा. कारण सूर्या नदीपाशी तीन पदर दोन होतात.

५ सेकंद आधी

गाडीतल्या नोंदींवरून कंपनीने पोलिसांना दिलेला अहवाल सांगतो, की टकरीच्या पाच सेकंद आधी ब्रेक लागला. तेव्हा वेग ताशी १०० होता. धडकेच्या क्षणी ८९.

हे आकडे जरा निरखून पाहण्यासारखे आहेत. शंभरच्या वेगाने गाडी सेकंदाला जवळजवळ २८ मीटर जाते. पाच सेकंद म्हणजे सव्वाशे मीटरहून जास्त रस्ता. पूर्ण जोराने दाबलेला ब्रेक अशा गाडीला कोरड्या रस्त्यावर चाळीसेक मीटरमध्ये उभी करतो. इथे वेग अकराने उतरला. म्हणजे त्या पाच सेकंदांत ब्रेक पूर्ण दाबला गेला नाही, किंवा दाबला गेला तो अगदी शेवटी. चालकाच्या पतीने पोलिसांना दिलेल्या जबाबानुसार गाडीला तिसऱ्या लेनमधून दुसऱ्या लेनमध्ये यायचं होतं, पण तिथे ट्रक होता. बाजूला सरकू की थांबू, या विचारातच बहुधा ते सेकंद गेले असावेत. तुमच्या-माझ्या हातातही ते असेच गेले असते.

समोर पुलाचा कठडा होता. नंतर झालेल्या तांत्रिक पाहणीत आढळलं, की तो रस्त्याच्या कडेच्या पट्ट्यात पुढे आलेला होता. त्याच्या तोंडाशी धक्का शोषून घेणारी कोणतीही रचना नव्हती. महामार्गावर पुढे आलेलं काँक्रीटचं उघडं टोक म्हणजे ज्याचं काम गाडी वाचवायचं, तेच गाडी मोडतं. यावर आपण फार कमी बोलतो. सुरक्षेचा अर्धा हिस्सा गाडीत असतो, अर्धा रस्त्यात. गाडी चुरगळते, तसं रस्त्यानेही चुरगळायला हवं.

शून्य : ताशी ८९ किलोमीटर

८९ म्हणजे सेकंदाला पावणेपंचवीस मीटर. एवढा वेग मिळवायचा तर माणसाला सुमारे एकतीस मीटर उंचीवरून पडावं लागेल, म्हणजे साधारण दहाव्या मजल्यावरून.

गाड्यांना ‘तारे’ मिळतात त्या चाचण्यांत, ग्लोबल एनकॅप असो की २०२३ पासूनची भारत एनकॅप, गाडी समोरच्या अडथळ्यावर आदळते ती ताशी ६४ ला. ऊर्जा वेगाच्या वर्गाने वाढते. ६४ वरून ८९ वर गेल्यावर ती जवळजवळ दुप्पट होते. पाच तारे मिळालेली गाडीही या वेगाला आपल्या परीक्षेच्या पलीकडे गेलेली असते. पुढचे दोघे वाचले, ते या परिस्थितीत.

पुढचा घटनाक्रम मिलिसेकंदांत आहे. एक मिलिसेकंद म्हणजे सेकंदाचा हजारावा भाग; डोळ्याची एक पापणी लवायला अशी शंभराहून जास्त मिलिसेकंद लागतात. हे आकडे त्या गाडीच्या नोंदीतले नव्हेत. जोरदार समोरासमोरच्या धडकेत आजच्या गाडीत साधारण ज्या क्रमाने गोष्टी घडतात, ते हे वेळापत्रक.

० ते १५ मिलिसेकंद

बंपर गेला. त्यामागच्या दोन लांब पोलादी तुळया, ज्या बाहेरून कधी दिसत नाहीत, त्या घडी घालावी तशा दुमडू लागतात. त्यांत मुद्दाम कमजोर जागा ठेवलेल्या असतात, कुठून वाकायचं ते आधीच ठरलेलं असतं. अडथळा नेमका या तुळयांवर न येता त्यांच्या बाहेर, गाडीच्या कोपऱ्यावर आला, तर ही सगळी आखणी चुकते आणि धक्का चाकातून थेट पिंजऱ्यात शिरतो. अमेरिकेत २०१२ पासून अशा कोपऱ्यावरच्या धडकेची वेगळी चाचणी घेतात, आणि पहिल्या वर्षी त्यात भल्याभल्या महागड्या गाड्या नापास झाल्या.

आतल्या माणसांना अजून काहीही कळलेलं नाही. गाडी मंदावते आहे. चौघेही मात्र ताशी ८९ नेच पुढे जात आहेत, सीटवर जसे होते तसेच बसलेले.

सेन्सरने मंदावण्याचा आकडा पाहिला. हा खड्डा नाही, स्पीडब्रेकर नाही, ही धडक आहे, हे गाडीतल्या छोट्या संगणकाने ठरवलं.

१५ ते ३० मिलिसेकंद

पहिलं काम पट्ट्याचं, एअरबॅगचं नव्हे. पट्ट्याच्या गुंडाळीत स्फोटकाची चिमूटभर मात्रा असते. ती पेटते आणि पट्टा दहा-पंधरा सेंटिमीटर मागे खेचला जातो. सदऱ्याच्या चुण्या, जॅकेट, ढिलेपणा, सगळं नाहीसं होतं. माणूस सीटला चिकटतो. याला प्रीटेन्शनर म्हणतात. शरीर जितक्या लवकर गाडीशी बांधलं जाईल, तितका जास्त वेळ ते गाडीच्या चुरगळण्याचा फायदा घेतं. गाडी मंदावते तसं माणसालाही मंदावता आलं पाहिजे. सगळी युक्ती इतकीच.

त्याच सुमारास एअरबॅगमधलं रसायन पेटतं आणि वायूने पिशवी भरू लागते. ती बाहेर येते ती ताशी तीनेकशे किलोमीटरच्या वेगाने. म्हणून एअरबॅगवर आधीच झुकलेला, पट्टा न लावलेला माणूस तिच्याच फटक्याने जखमी होऊ शकतो, आणि म्हणून पुढच्या सीटवर मांडीवर मूल घेऊन बसणं याहून मोठा वेडेपणा नाही.

मागच्या सीटवर या क्षणी काही घडत नाही. तिथला पट्टा बकलमध्ये नाही. तो खांबाजवळ आपल्या गुंडाळीत शांत आहे.

३० ते ६० मिलिसेकंद

पुढे : दोन्ही शरीरं पट्ट्यावर येतात. कंबरेच्या हाडावर, बरगड्यांवर, खांद्यावर भार वाढतो. भार हाताबाहेर जाऊ नये म्हणून गुंडाळीतला एक पोलादी दांडा पिळवटत जातो आणि पट्टा थोडा थोडा सुटू देतो. हा लोड लिमिटर. तो नसेल तर पट्ट्यानेच बरगड्या मोडतील. असूनही कधी कधी मोडतात. वाचलेल्या माणसाच्या छातीवर तिरका काळा-निळा पट्टा उमटलेला असतो, तो त्याच्या आयुष्याची पावती असते. पन्नासच्या आसपास एअरबॅग पूर्ण भरलेली असते आणि डोकं तिच्यात शिरतं. शिरताच तिच्या मागच्या भोकांतून वायू सुटू लागतो. ती फुगलेलीच राहिली तर चेंडूसारखं डोकं मागे फेकेल, म्हणून तिला लगेच रिकामं व्हायचं असतं.

मागे : शरीर सीटवरून सुटलेलं आहे. सीटच्या घर्षणाने किती थांबवावं? त्याला फक्त हवेचा अडथळा आहे, आणि समोर पुढच्या सीटची पाठ.

६० ते १०० मिलिसेकंद

गणित करून पाहू. समजा गाडी चुरगळून आणि पट्टा ताणून मिळून माणसाला थांबायला एक मीटर मिळाला. ८९ च्या वेगावर त्याच्या शरीरावर सरासरी गुरुत्वाकर्षणाच्या तीसेक पट भार येतो. भयंकर आहे, पण स्टॅप यांनी याहून जास्त सोसला होता. सत्तर किलोचा माणूस त्या क्षणी दोन टनांच्या वर ‘वजनाचा’ असतो. म्हणूनच ‘मी हाताने पुढची सीट धरीन’ याला काही अर्थ नाही. दहा किलोचं मूल मांडीवर घट्ट धरायचं तर हातांना तीनशे किलो पेलावे लागतील.

आता पट्टा नसलेला माणूस. त्याच्या आसपासची गाडी जवळजवळ थांबलेली आहे, तो मात्र जवळपास सुरुवातीच्याच वेगात. त्याला थांबायला मिळतं ते सीटच्या पाठीचं, खांबाचं किंवा छताचं दहा-पंधरा सेंटिमीटर वाकणं. दहा सेंटिमीटर धरले तर भार तीनशे पटींच्या वर जातो. अंतर दहा पटींनी कमी, भार दहा पटींनी जास्त. इथे कोणत्याही कंपनीची कारागिरी उपयोगाची नाही.

आणि तो एकटाच मरत नाही. मागून येणारं सत्तर-ऐंशी किलोचं शरीर पुढच्या सीटवर आदळतं आणि पुढच्याला पट्टा आणि एअरबॅगमध्ये चिरडतं. जपानमधल्या अपघातांच्या मोठ्या अभ्यासात, जो २००२ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात आला, मागचा प्रवासी पट्ट्याविना असेल तर पट्टा लावलेल्या पुढच्या माणसाच्या मृत्यूचा धोका जवळजवळ पाचपट असल्याचं दिसलं. मागे बसणाऱ्याने पट्टा न लावणं ही त्याची खासगी बाब नाही, ती या आकड्यामुळे.

१५० मिलिसेकंद

एअरबॅग लोंबकळते आहे. पांढरी पूड हवेत तरंगते आहे. आतली टक्कर संपली. चालकाच्या मेंदूला अजून ‘धडकलो’ हे पुरतं उमगलेलंही नसेल.

अडीचनंतर

आसपासचे लोक धावले. चौघांना बाहेर काढलं. मिस्त्री आणि त्यांच्या शेजारचे स्नेही यांना कासाच्या सरकारी रुग्णालयात मृत घोषित केलं गेलं. पुढच्या दोघांना आधी वापीला आणि मग मुंबईला हलवण्यात आलं. अनेक शस्त्रक्रिया आणि दीर्घ उपचारांनंतर ते घरी परतले. मृतदेह शवविच्छेदनासाठी रात्री मुंबईत जे. जे. रुग्णालयात आले. डोक्याला, छातीला आणि शरीरावर अनेक ठिकाणी जबर मार होता. मंगळवारी वरळीच्या स्मशानभूमीत मिस्त्रींवर अंत्यसंस्कार झाले.

पुढचे दिवस

त्याच आठवड्यात केंद्रीय रस्ते वाहतूकमंत्री नितीन गडकरी यांनी मागच्या सीटवरच्या पट्ट्यासाठी दंड आणि गाडीत सूचना देणारा गजर, दोन्ही आणू, असं सांगितलं. दंड मुळातच कायद्यात होता, वसूल व्हायचा तेवढा राहिला होता. मुंबई पोलिसांनी १ नोव्हेंबर २०२२ पासून गाडीतल्या सर्वांना पट्टा सक्तीचा केला. सुरुवातीचे काही आठवडे नाक्यांवर तपासणी झाली. त्याच नोव्हेंबरात चालकावर निष्काळजीपणाचा गुन्हा नोंदला गेला.

त्या काळात ऑनलाइन दुकानांत एक वस्तू मोकळेपणी मिळत होती. बकलमध्ये खोचायची धातूची नुसती चकती, पट्टा न लावताही गजर बंद करणारी. आपल्या बाजारात जीव वाचवणाऱ्या यंत्रणेला फसवण्याचं यंत्र शे-दोनशे रुपयांत घरपोच येत होतं, आणि लोक ते घेत होते. मे २०२३ मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने पाच मोठ्या संकेतस्थळांना ती विकायला बंदी केली. तेरा हजारांहून जास्त जाहिराती काढाव्या लागल्या. दुकानांत ती अजून शोधली तर मिळते.

सूर्या नदीच्या त्या कठड्याच्या तोंडाशी नंतर धक्का शोषणारी रचना बसवली गेली. ती तिथे आधी असती, तर हा घटनाक्रम वेगळा लिहावा लागला असता. आणि ती नसतानाही, मागचे दोन पट्टे लागलेले असते, तर बहुधा चार रुग्ण कासाच्या रुग्णालयात पोहोचले असते.

२०२२ साली भारतात १,६८,४९१ माणसं रस्त्यांवर मेली. त्यांतली १६,७१५ पट्टा न लावलेली होती, ८,३८४ चालक आणि ८,३३१ प्रवासी. त्यांतल्या बहुतेकांची नावं तुम्हाला-मला माहीत नाहीत.

आज गाडीत बसलात की मागच्या सीटच्या फटीत हात घालून बकल सापडतं का ते पाहा. तीनही सापडली पाहिजेत. सीट कव्हरखाली दबलेलं असेल, तर कात्री घ्या आणि कव्हर कापा.